सिंकखालचं डुक्कर

हॉर्लिक्सची काचेची बाटली आमच्या घरी कुणी तापानं फणफणलं तरच यायची. रिकामी झाली की आई ती खळखळून धुवायची आणि तिच्यात मेतकूट भरायची. त्या भुकटीचं जन्मगाव कोणतं, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. ते गाव सापडलं फार उशिरा आणि तेही भलत्याच वाटेनं. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात सिंकखाली जे खरकटं दळणारं यंत्र असतं, त्याची वंशावळ मी हुडकत होते. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. खरकट्याचं शोधू नये असं मात्र कुणी बजावलेलं नाही.

गावाचं नाव रसीन. विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी, शिकागो आणि मिलवॉकी यांच्या मधे. इंग्लंडहून आलेल्या जेम्स आणि विल्यम या हॉर्लिक बंधूंनी 1870 च्या दशकात तिथं कारखाना टाकला आणि 1883 मध्ये माल्ट घातलेल्या दुधाच्या भुकटीचं पेटंट मिळवलं. भुकटी मुळात तान्ह्या मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. पण सोडा-फाउंटनवाले ती थंड दुधात घुसळून विकू लागले आणि घुसळायला हात कमी पडू लागले. 1910 मध्ये त्याच गावात हॅमिल्टन बीच ही कंपनी निघाली. तिच्या हलक्या, वेगवान मोटरीवर चालणारे मिक्सर दुकानांच्या काउंटरवर उभे राहिले. पोलंडहून आलेल्या स्टीफन पोप्लाव्स्कीनं, तेही रसीनमध्येच, 1922 च्या सुमारास पेल्याच्या बुडाशी फिरणारं पातं बसवलं. आपल्या ओट्यावरच्या मिक्सरचा हा खापरपणजोबा. त्यानंतर पाचेक वर्षांनी, 1927 मध्ये, रसीनच्याच जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदानं सिंकच्या भोकाखाली मोटर टांगून खरकटं वाटायचा उद्योग आरंभला.

म्हणजे जेवणाआधी वाटणारं यंत्र आणि जेवणानंतर वाटणारं यंत्र, दोघं एकाच गावात वाढलेली भावंडं. थोरल्याचं कौतुक झालं, तो ओट्यावर बसला. धाकटा सिंकखालच्या अंधारात गेला आणि त्याच्या वाट्याला आल्या नुसत्या सूचना: हे टाकू नका, ते टाकू नका, गार पाणीच सोडा, हात घालू नका. या सूचना सावकाश वाचल्या तर एक गंमत ध्यानात येते. हाताची सोडली, तर बहुतेक सूचना यंत्राच्या काळजीपोटी नाहीतच. त्या पाइपाच्या काळजीपोटी आहेत. यंत्र काय वाट्टेल ते दळेल. दळलेलं पुढं जाईल याची हमी त्याच्याकडे नाही.

पण या यंत्राचा खरा पूर्वज मोटर नव्हे, डुक्कर.

इंग्रजीतला ‘गार्बेज’ हा शब्द पंधराव्या शतकातल्या पाककृतींत चक्क पदार्थ म्हणून भेटतो. कोंबडीची मुंडी, पाय, काळीज, पोटा असं सगळं घालून केलेलं कालवण. टाकाऊ नव्हे, दुय्यम. माणसानं नाही खाल्लं तर जनावर खाईल, एवढाच काय तो फरक. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गाईचा घास, कावळ्याचा घास, कुत्र्याला भाकरीचा तुकडा आणि उरलेलं उकिरड्यावर, अशी आपल्याकडची उतरंड होतीच. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांच्या परसात तर डुक्करच पाळलेलं असे.

एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कमध्ये हे जनावर रस्त्यावर मोकाट होतं. चार्ल्स डिकन्स 1842 मध्ये तिथं गेला आणि ब्रॉडवेवर ऐटीत हिंडणारी डुकरं पाहून इतका रमला, की प्रवासवर्णनात त्यानं त्यांच्यावर चांगलीच लांबण लावली. ही डुकरं गोरगरिबांची. दिवसभर गावाचं खरकटं खायची, रात्री घरी यायची, हिवाळ्यात कामी यायची. पालिकेची माणसं ती धरून न्यायला आली की वस्तीतल्या बायाबापड्या त्यांच्यावर तुटून पडत. अशा दंगली 1820 आणि 1830 च्या दशकांत अनेकदा झाल्या. अखेर डुकरं शहराबाहेर गेली. खरकटं मात्र शहरातच राहिलं.

मग कर्नल जॉर्ज वेअरिंग आला. कडक शिस्तीचा माणूस. 1895 मध्ये तो न्यूयॉर्कच्या झाडलोट खात्याचा प्रमुख झाला आणि पुढच्याच वर्षी त्यानं घरोघरी तीन पिंपं ठेवायला लावली. एकात राख, एकात खरकटं, एकात बाकीचा सुका कचरा. ओला-सुका वेगळा करा हे वाक्य पुण्या-मुंबईत घंटागाडीवरून वाजू लागलं, त्याच्या शंभरेक वर्षं आधीची ही गोष्ट. वेगळं केलेलं खरकटं बोटींतून बॅरन आयलंड नावाच्या बेटावर जाई. तिथं ते मोठाल्या टाक्यांत शिजवून पिळत. चरबी साबणासाठी, चोथा खतासाठी. वाऱ्यावरून येणाऱ्या त्या वासानं ब्रुकलिनकर हैराण होत.

असला कारखाना ज्या गावांना परवडत नव्हता त्यांनी डुकरांशीच करार केले. 75 डुकरं दिवसाला 1 टन खरकटं फस्त करतात, असा तेव्हाच्या जाणकारांचा ठोकताळा होता. लॉस एंजेलिसचं खरकटं फोंटाना गावच्या अवाढव्य डुक्करवाड्यात जाई. सगळं झकास चाललं होतं, एक गोष्ट सोडून: कच्च्या खरकट्याबरोबर डुकरांच्या पोटात डुकराचंच कच्चं मांस जात होतं आणि त्याबरोबर रोगही. ट्रिकिना नावाचा कृमी त्या वाटेनं माणसापर्यंत परत येई. 1952 मध्ये तर कहर झाला. कॅलिफोर्नियाहून निघालेल्या आगगाडीच्या भोजनडब्यातलं उरलंसुरलं वायोमिंगमधल्या शायेन गावात डुकरांच्या पुढ्यात पडलं आणि तोवर कॅलिफोर्नियापुरता राहिलेला, तोंडापायाला फोड आणणारा डुकरांचा रोग देशभर पसरला. मग एकामागून एक राज्यांनी कायदा केला, की खरकटं शिजवल्याशिवाय डुकरांना घालायचं नाही. शिजवायचं तर इंधन आलं, माणूस आला, खर्च आला. फुकटात कचरा खाणारं जनावर एकदम महाग झालं.

हॅम्सच्या यंत्राला हा मुहूर्त साधला असं म्हणावं लागेल, कारण तोवर त्याची चाल गोगलगाईचीच होती. 1927 ला सुरुवात, 1933 ला पेटंटसाठी अर्ज, 1935 ला पेटंट, 1938 ला कंपनी. बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून त्यानं हे केलं अशी कथा सांगतात. घरगुती यंत्रांच्या कथांमध्ये बायको नेहमी असते आणि पेटंटावर कधीच नसते, तेव्हा या कथेचं मी फार मनावर घेत नाही. कंपनीच्या पहिल्या वर्षात विकली गेली 52 यंत्रं. दरम्यान जनरल इलेक्ट्रिकनं 1935 मध्येच आपलं यंत्र बाजारात आणलं होतं. त्याचं नाव ‘डिस्पोजऑल’, म्हणजे सगळ्याची वासलात. हॅम्सच्या कंपनीचं नाव ‘इन-सिंक-इरेटर’. ‘इन्सिनरेटर’ म्हणजे कचरा जाळायची भट्टी. ती तेव्हा अमेरिकेत कित्येकांच्या परसात धुमसत असे. त्या शब्दात सिंक घुसवून केलेली ही कोटी. एकानं नावातच सगळं खाण्याचं आश्वासन दिलं, दुसऱ्यानं जाळण्याचं. प्रत्यक्षात ना सगळं खाल्लं जात होतं ना काही जळत होतं. बारीक होऊन पुढं जात होतं, इतकंच.

आता त्या डब्याच्या आत काय असतं ते सांगायला हवं, कारण निम्मे गैरसमज तिथंच आहेत. पुष्कळांना वाटतं आत मिक्सरसारखी धारदार पाती असतात. नसतात. तळाशी एक पोलादी चकती असते, मोटर ती मिनिटाला हजार-दीड हजारांहून जास्त वेळा गरगरवते. चकतीवर दोन बोथट ठोकळे, जागच्या जागी हलणारे. वरून पडलेलं खरकटं फेकाफेकीनं कडेला जातं, ठोकळे ते बाहेरच्या स्थिर, दातेरी कड्यावर घासतात आणि पुरेसं बारीक झालेलं पाण्याबरोबर खाली निसटतं. म्हणजे हा मिक्सर नव्हेच. हे जातं आहे, आडवं, पोलादाचं, पाण्यावर चालणारं. जात्यात ओंजळभर दाणे घालत राहायचे असतात, पोतं ओतायचं नसतं, हे ज्यांनी जातं ओढलं आहे त्यांना ठाऊक असतं. आणि धार लावायला आत बर्फ टाका असं जे सांगतात त्यात अर्थ नाही, धार लावायला आत काही नाहीच. बर्फानं होतं ते एवढंच, की ठोकळ्यांवर आणि कड्यावर बसलेला बुळबुळीत थर खरवडला जातो. लिंबाच्या साली टाकल्या की वास सुधारतो, तोही खराच. पण वासाचं मूळ बहुधा आत नसून तोंडाशी असतं. भोकावर जी काळी रबरी झालर असते, तिच्या खालच्या अंगाला खरकटं साचून कुजतं. ती झालर उलटून जुन्या दातांच्या ब्रशानं घासली, की लिंबाची गरज पडत नाही.

हे सगळं मला शिकवलं ते शेजारच्या काकूंनी, पंचवीसेक वर्षांपूर्वी, न्यू जर्सीत. मी नवी नवी तिथं गेले होते. आषाढी एकादशीला साबुदाणा जास्त भिजला, खिचडीचा गोळा झाला. टाकायचं जिवावर आलं खरं. पण समोर भिंतीवर बटण होतं, आणि बटण दाबलं की टाकल्यासारखं वाटत नाही, ही या यंत्राची खरी करामत आहे. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं, शेवग्याच्या शेंगांची आमटी. चघळलेल्या शेंगांचा चोथा त्याच वाटेनं गेला. वर तुपकट पातेलं कढत पाण्यानं धुतलं, कारण तुपकट भांड्याला गरम पाणी हे आपलं बाळकडू. संध्याकाळी सिंकच्या दुसऱ्या भांड्यातून पाणी उलटं वर आलं.

काकूंनी आधी बटण बंद आहे ना ते पाहिलं, मग खाली वाकल्या, मग हसल्या. “अगं, ते यंत्र म्हणजे गाय नव्हे घास घालायला,” त्या म्हणाल्या, “त्याला फक्त ताटाला चिकटलेलं द्यायचं.” यंत्राला काहीही झालं नव्हतं. प्लंबरनं पाइपाचं इंग्रजी यू आकाराचं वळण सोडवलं आणि त्यातून जे काढलं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. साबुदाण्याची खळ, त्यात शेवग्याच्या दोऱ्यांची जाळी आणि सगळ्यावर थिजलेल्या तुपाचं लिंपण. कुठल्याही गवंड्यानं हेवा करावा असा गिलावा.

त्या एका गोळ्यात या यंत्राची सगळी नियमावली होती. भात, साबुदाणा, बटाट्याच्या साली यांत पिठूळ अंश. दळले की त्यांची खळ होते. आजी जी खळ करून पातळाला लावायची, तीच पाइपाला लागते. शेवगा, केळीची साल, कणसाची पानं, कोथिंबिरीच्या जुड्या, नारळाची शेंडी यांत धागे. जात्यात धागा कापला जात नाही, नुसता सुटा होतो आणि पुढं जाऊन वळला जातो. आंब्याची कोय तर प्रश्नच नाही; ती दळली जात नाही, नुसती आत नाचत राहते. अंड्याच्या टरफलांबद्दल मात्र दोन मतं आहेत. यंत्रवाले हरकत घेत नाहीत, प्लंबर घेतात. मी प्लंबरांच्या बाजूची, कारण त्या वळणातली वाळू त्यांनी पाहिलेली असते. आणि गार पाणी? तूप-तेल कढत पाण्यात पातळ होऊन यंत्राखालून सुखरूप निसटतं आणि पुढं कुठंतरी, जिथं आपला हात पोचत नाही तिथं, थिजतं. गार पाण्यात ते इथंच गोठतं, तुकड्यातुकड्यांनी वाहून जातं. अर्थात तूप-तेल मुळात सिंकमध्ये सोडूच नये. लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखाली 2017 मध्ये जो चरबीचा आणि ओल्या रुमालांचा गोळा सापडला तो 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा होता. त्याचा एक तुकडा पुढं लंडनच्या संग्रहालयात मांडला.

काकूंची रीत मी अजून पाळते. आधी गार पाणी, मग बटण, मग थोडं थोडं खरकटं. दळण्याचा आवाज बदलून नुसती घरघर उरली की बटण बंद, पण पाणी आणखी वीस आकडे मोजून होईतो चालू, म्हणजे वळणापलीकडं सगळं पोचतं. बटण दाबल्यावर यंत्र नुसतं गुंगुं करू लागलं तर चकती अडकली आहे. ताबडतोब बंद करायचं, नाहीतर मोटर जळते. बुडाशी मधोमध एक षटकोनी भोक असतं, त्यात एलन की घालून चकती मागंपुढं फिरवली की बहुतेक वेळा चमचाच निघतो. काढायचा तो चिमट्यानं, आणि भिंतीवरचं बटण बंद असलं तरी मेन स्विच पाडून. यंत्र काहीच बोललं नाही तर बुडाचं लाल बटण आत दाबून पाहायचं. तुंबलं म्हणून नळी साफ करायचं तेजाबी औषध मात्र ओतायचं नाही. ते यंत्राच्या रबराला खातं आणि पाइप उघडणाऱ्याच्या हातालाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दुसरा दिवस, शुक्रवार, अमेरिकेतल्या प्लंबरांच्या सुगीचा म्हणून प्रसिद्ध आहे. टर्कीची चरबी आणि बटाट्याच्या साली. म्हणजे आमच्या एकादशी-द्वादशीसारखंच.

परत वंशावळीकडे. युद्धानंतर अमेरिकेत घरं धडाधड बांधली गेली आणि यंत्राचे दिवस पालटले. इंडियाना राज्यातलं जॅस्पर हे छोटं गाव तर सगळ्यांच्या पुढं गेलं. तिथंही भीती डुकरांच्याच रोगाची. गावानं ठरवलं की घरोघर यंत्र बसवायचं, आणि 1950 मध्ये खरकटं गोळा करणारी पालिकेची गाडीच बंद करून टाकली. शोभेची गोष्ट नव्हती ही. गाडी गेली म्हणजे गाडीवरची माणसं गेली, डुक्करवाला गेला, परसातला डबा गेला. त्या सगळ्यांचं काम आता सांडपाण्याच्या नळानं करायचं होतं. पुढं इतर काही शहरांनी नव्या घरांना हे यंत्र सक्तीचं केलं.

लॉस एंजेलिसची तऱ्हा आणखी मजेची. 1957 मध्ये धुरक्यापायी परसातल्या भट्ट्यांवर बंदी आली. कागद-पालापाचोळा वेगळा, डबे-बाटल्या वेगळ्या, खरकटं वेगळं, अशी वर्गवारी गृहिणींच्या गळ्यात होतीच. 1961 च्या महापौरपदाच्या निवडणुकीत सॅम यॉर्टी नावाच्या उमेदवारानं वचन दिलं, की बायांनो, मी निवडून आलो तर तुम्हाला कचरा निवडत बसावं लागणार नाही. तो निवडून आला! कचरा वेगळा करा म्हणून आज जगभर विनवण्या चालतात. तिथं तो एकत्र करण्याच्या मुद्द्यावर मतं पडली.

बरोबर त्याच सुमाराला, 1960 मध्ये, ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही व्यंगचित्रमालिका टीव्हीवर आली. अश्मयुगातलं कुटुंब, पण घरात सगळ्या आधुनिक सोयी, फक्त प्रत्येक सोयीच्या जागी एक प्राणी. त्यांच्या सिंकखाली काय होतं? डुक्कर. तोंड वासून बसलेलं. लोक हसले ते यंत्राच्या जागी जनावर पाहून. खरं तर जनावराच्या जागी यंत्र येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

न्यूयॉर्कनं मात्र या यंत्राला दार लावलं. तिथले जुने नळ असे की पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच पोटात. जोराचा पाऊस आला की ते पोट फुटतं आणि सगळं शुद्ध न होता नदीत, समुद्रात जातं. त्यात दळलेलं खरकटं नको, म्हणून 1970 च्या दशकात शहराच्या बहुतेक भागात बंदी आली. पुढं निवडक इमारतींत 21 महिने यंत्रं लावून पाहिली, फारसं बिघडत नाही असं दिसलं आणि 1997 मध्ये बंदी उठली. ब्रिटननं वेगळाच पाट धरून पाहिला. लीड्समधल्या क्वारी हिल या 1930 च्या दशकातल्या वसाहतीत गार्शे नावाच्या फ्रेंच माणसाची पद्धत बसवली होती. सिंकखाली रुंद नळ, दळण नाही काही नाही, खरकटं जसंच्या तसं पाण्याच्या लोंढ्यानं खाली, तिथं पाणी निथळून भट्टीत, आणि त्या उष्णतेवर वसाहतीतलं धुणं. वसाहत 1978 मध्ये पाडली. इंग्रजांच्या स्वयंपाकघरात दळणारं यंत्र कधी रुजलं नाही. अमेरिकेत ते आज जवळपास निम्म्या घरांत आहे.

या सगळ्यात एक योगायोग मला सोडवत नाही. हॅम्स रसीनच्या तळघरात मोटर टांगत होता, त्याच वर्षांत होळकरांच्या इंदूरमध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड हे दोघं उकिरड्याचं शास्त्र मांडत होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती, थरावर थर, किती दिवसांनी परतायचं, किती ओल ठेवायची. 1931 मध्ये दोघांच्या नावानं पुस्तक निघालं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. हॉवर्डला आज सेंद्रिय शेतीचा आद्य पुरुष म्हणतात, वाडांचं नाव मुखपृष्ठावरून फारसं पुढं सरकलं नाही. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, उकिरड्यावर लिहिणाऱ्याचा फिटेलच असं नाही. म्हणजे एकाच काळात एकानं खरकट्याला पाण्याची वाट दाखवली, दुसऱ्यांनी मातीची. आणि या दोन वाटा कुठं मिळतात ते पाहायला रसीनहून फार लांब जायला नको. जवळच्याच मिलवॉकी शहरात 1926 पासून मैलापाण्याचा गाळ वाळवून ‘मिलऑर्गनाइट’ नावाचं खत विकतात. नळाच्या शेवटी असं काही असेल तर सिंकखालचं दळण वाया जात नाही. स्वीडनमधल्या सुराहामर गावानं 1997 पासून याच हिशेबानं जवळपास निम्म्या घरांत ही यंत्रं लावली. गाळातून निघणारा बायोगॅस वाढला.

आपल्याकडे दळण्याचं पाऊल नेमकं उलट्या टोकाला पडलं. भाभा अणुसंशोधन केंद्रातले शरद काळे यांनी उभी केलेली ‘निसर्गऋण’ ही बायोगॅसची पद्धत सुरू होते तीच मिक्सरनं. वस्तीतलं, उपाहारगृहातलं खरकटं एकत्र आणायचं, पाणी घालून त्याचा रबरबीत काला करायचा, तो आधी हवेवर आणि मग हवेवाचून कुजवायचा, की एकीकडून गॅस, दुसरीकडून खत. इथं यंत्र घरोघर नाही, गावात एक. आणि त्याला काय चालत नाही? नारळाच्या करवंट्या, मोठी हाडं, अंड्याची टरफलं. यादी काकूंच्या यादीच्या शेजारी ठेवली तर फारसा फरक नाही.

घरोघरची यंत्रं आता इथल्या टॉवरांतही बसू लागली आहेत. 2016 च्या घनकचरा नियमांत ओला कचरा वेगळा करून शक्यतो तिथल्या तिथं जिरवा असं म्हटलं होतं. बिल्डरांच्या माहितीपत्रकात सिंकखालच्या डब्याचं चित्र असतं. डब्यापुढच्या नळाचं नसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या हिशेबात देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज 72,368 दशलक्ष लिटर, आणि त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होत होतं 20,236. त्यातच आता शेवग्याचे धागे.

मागच्या महिन्यात माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. नवा फ्लॅट, बाराव्या मजल्यावर, सिंकखाली आयतं यंत्र. “मावशी, तुला यातलं कळतं ना? शेवगा चालतो का गं? आणि भात?” मी म्हटलं, ते नंतर सांगते, आधी तुझ्या सिंकमधून निघालेला पाइप कुठं जातो ते विचार. सोसायटीच्या शुद्धीकरण टाकीत, महापालिकेच्या नळात, की मागच्या ओढ्यात. तिनं बिल्डरच्या ऑफिसात विचारलं. त्यांनी तिला यंत्राची वॉरंटी पाच वर्षांची आहे असं सांगितलं.